वाळवंटाची कड

भारताच्या नकाशात डाव्या हाताला वरच्या बाजूला बारीक ठिपके काढलेले असतात. ते थरचे वाळवंट. ते सुमारे २ लाख चौरस किलोमीटर आहे. त्याचा मोठा भाग आपल्या देशात आणि तोही बहुतेक राजस्थानात आहे, उरलेला पाकिस्तानात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी, आई आणि आज्जी (आईची आई) जैसलमेरला गेलो होतो. माझा मामा सीमा सुरक्षा दलात आहे आणि तिथे त्याला राहायला खोली मिळाली आहे. तो नक्की कुठे पहारा करतो ते लिहायचे नाही असे त्याने सांगितले आहे, म्हणून ते मी लिहीत नाही. बाकीचे सांगते.

नकाशात वाळवंटाला कड असते. मी खिडकीशी बसून ती कड बघत होते. पण जोधपूरच्या पुढे गाडी गेली तरी कड काही येईना. फक्त झाडे हळूहळू बुटकी होत गेली. मग शेतांमधली जागा मोठी झाली, मग घरे लांब लांब झाली. मधे मधे बाजरीची कापलेली ताटे दिसत होती. जैसलमेरला उतरलो तर तिथे वाळूच नाही! सगळा दगडाचा माळ. आज्जी म्हणाली, "हे तर आपलंच रान की गं." खरेच, आमच्या माण तालुक्यातल्या माळासारखेच दिसत होते, फक्त दगड काळा नाही, पिवळा. जैसलमेरचा किल्लाही त्याच पिवळ्या दगडाचा आहे. रावळ जैसल याने हे गाव ११५६ साली वसवले. किल्ल्यात अजूनही माणसे राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत घालतात.

वाळूच्या टेकड्या बघायला पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटर सम या गावी जावे लागते. म्हणजे वाळवंट सगळे वाळूचेच असते असे नाही. दगडाचे असते, मुरमाचे असते, गवताचेही असते. जिथे पाऊस फार थोडा पडतो ते वाळवंट. जैसलमेरला वर्षाला सुमारे १५ ते २० सेंटिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे पाऊस कमी म्हणून सगळे ओरडतात, पण तो तिथल्या दुपटीहून जास्त आहे.

तिथे पाऊस का पडत नाही, हे गुरुजींनी मला परत आल्यावर समजावले. आपल्याकडे सह्याद्री वाऱ्याला आडवा उभा आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग त्याच्यावर चढतात, कोकणात आणि महाबळेश्वरला रिकामे होतात, आणि आपल्याकडे नुसता वारा येतो. राजस्थानात अरवली पर्वत आहे, पण तो वाऱ्याला आडवा नाही, वाऱ्याच्या दिशेनेच पसरला आहे. त्यामुळे ढग अडतच नाहीत, बाजूने निघून जातात. बंगालच्या उपसागरावरून येणारे ढग एवढ्या लांब पोचेपर्यंत बरेचसे कोरडे झालेले असतात. म्हणजे आपला पाऊस डोंगराने अडवला आणि त्यांचा पाऊस डोंगराने अडवला नाही म्हणून गेला. मला ही गोष्ट फार गमतीची वाटली. मी ती आज्जीला सांगितली तर ती म्हणाली, "डोंगर कसाबी असू दे, हंडा बाईच्याच डोक्यावर."

समला आम्ही संध्याकाळी पोचलो. रस्ता संपतो आणि एकदम वाळू चालू होते. तिथे मात्र कड दिसते, अगदी पाय ठेवून बघावी अशी. वाळूवर सगळीकडे बारीक ओळी होत्या. आज्जी म्हणाली, कुणी पाभरीने पेरून ठेवले आहे जणू. त्या ओळी वाऱ्याच्या असतात. वारा कणाला उचलतो, कण थोडे पुढे जाऊन आपटतो आणि दुसऱ्या कणाला उडवतो. असे उड्या मारत मारत कण टेकडीवर चढतात. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू लांब आणि सोपी असते. वरच्या काठावरून कण पलीकडे घरंगळतात, ती बाजू एकदम उभी असते. इकडची वाळू तिकडे पडत राहते म्हणून टेकडी हळूहळू पुढे सरकते. तिथले लोक टेकडीला धोरा म्हणतात. जिथे सेवण गवत आणि फोगाची झुडपे वाढली आहेत तिथे धोरा सरकत नाही, कारण मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते.

मी एक बाटली भरून वाळू आणली आहे. ती वर्गातल्या कपाटावर आहे. शेजारी आपल्या ओढ्याची वाळू ठेवली आहे. दोन्ही चिमटीत घेऊन बघा. ओढ्याची टोचते, तिकडची पिठासारखी निसटते. वाऱ्याने घासून घासून तिचे कण गोल आणि बारीक झाले आहेत. म्हणून एवढी वाळू असूनही ती सिमेंटात घालून घर बांधायला चांगली नसते. बाटलीचे बूच नीट लावावे ही विनंती.

उंटावर बसण्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून लिहिते. उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे आपण पुढे पडतो असे वाटते. त्याच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. बास.

खरे बघण्यासारखे मला दुसऱ्या दिवशी दिसले. मामाच्या ओळखीच्या एका माणसाच्या गावी आम्ही गेलो. गावाचे नाव मला नीट आठवत नाही, पण रस्त्याच्या कडेला ढोपरभर उंचीचे दगडी कठडे होते आणि त्यांच्यावर लाकडी झाकणे. मला वाटले देवळे आहेत. मामा म्हणाला, "ह्या विहिरी." तिकडे त्यांना बेरी म्हणतात. काही ठिकाणी कुई म्हणतात. तोंड एवढे लहान की एकच माणूस खाली उतरू शकेल. तोंड लहान ठेवतात कारण उन्हाने पाणी उडून जाऊ नये.

त्या गावातली एक म्हातारी पाणी काढत होती. आज्जी तिच्याजवळ जाऊन बसली. आज्जीला हिंदी येत नाही आणि म्हातारी मारवाडी बोलत होती, तरी दोघींचे अर्धे बोलणे मामाने सांगायच्या आधीच होत होते. म्हातारीने सांगितले ते असे. वाळूवर पडलेला पाऊस खाली मुरतो. पण अशा बेरीच्या जागी वाळूखाली पांढऱ्या दगडाचा थर असतो. तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. त्या थराच्या खालचे पाणी खारट असते, वरचे पावसाचे पाणी गोड असते. बेरी त्या थरापर्यंतच खणतात, थर फोडत नाहीत. फोडला की संपले. मग आजूबाजूच्या ओल्या वाळूतून थेंब थेंब पाणी रात्रभर बेरीत गोळा होते आणि सकाळी काही घागरी मिळतात. म्हातारीने दोराला लहान बादली लावली होती. मोठी बादली घेतली तर गाळ येतो.

तो पांढरा थर म्हणजे जिप्सम. फळ्यावर लिहायचा खडूही जिप्समपासूनच करतात. गुरुजींनी त्याची अजून एक गोष्ट सांगितली. जैसलमेरच्या शेजारी बाडमेर जिल्हा आहे. तिथे ऑगस्ट २००६ मध्ये फार मोठा पाऊस झाला आणि कवास नावाचे गाव बुडाले. वाळवंटात पूर! आणि ते पाणी महिनोन् महिने उतरले नाही, कारण खाली हाच जिप्समचा थर होता. म्हणजे जो थर एका गावाला पाणी देतो त्याच थराने दुसरे गाव पाण्याखाली ठेवले.

आज्जीने म्हातारीला विचारले की आता नळ आहे ना, मग बेरी कशाला? नळ होता, मी पाहिला. त्याला कालव्याचे पाणी येते. हा इंदिरा गांधी कालवा पंजाबात हरिके इथे सुरू होतो, जिथे सतलज आणि बियास या नद्या मिळतात. तो ६४९ किलोमीटर लांब आहे. त्याचे काम १९५८ साली सुरू झाले. त्याच्यामुळे वाळवंटात गहू आणि कापूससुद्धा होऊ लागला. पण दुरुस्तीसाठी कालवा मधे मधे बंद ठेवतात आणि तेव्हा नळाला पाणी कमी येते. म्हातारीने बादली वर ओढता ओढता काहीतरी म्हटले. मामाने सांगितले, ती म्हणते, नळाचे पाणी लांबच्या माणसाच्या हातात आहे आणि हे माझ्या हातात आहे. आज्जी बराच वेळ गप्प बसली. आमच्या गावची विहीर चैत्रात आटते. मग टँकर येतो, तोही रोज येत नाही. आज्जीच्या गावीही तसेच आहे. टँकर आला की ती आधी दोन घागरी पळवत नेते, मग चप्पल घालते.

त्या गावाच्या पुढे आम्ही खडीन पाहिले. उतारावरून वाहणारे पाणी सखल जागी मातीचा लांब बांध घालून अडवतात. आपल्याकडे ताल घालतात तसेच, पण फार मोठे. पावसाळ्यात तिथे तळे होते. पाणी मुरले की जमिनीला ओल राहते आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू, हरभरा पेरतात. वरून एकदाही पाणी देत नाहीत. आज्जी लगेच म्हणाली, "म्हणजे वाफशावर पेरणी." पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत १५ व्या शतकात तिथे चांगली बसवली. त्यांचे कुलधरा नावाचे गाव जैसलमेरजवळ ओसाड पडलेले आहे. तिथे भुते आहेत असे लोक सांगतात. मी दुपारी बारा वाजता गेले होते, मला फक्त शेळ्या दिसल्या.

झाडे थोडी असली तरी ओळखीची निघाली. तिथली खेजडी म्हणजे आपली शमी. ते १९८३ पासून राजस्थानचे राज्यवृक्ष आहे. तिच्या शेंगांना सांगरी म्हणतात आणि त्या वाळवून वर्षभर भाजी करतात. सांगरीबरोबर केर घालतात, तो आपल्या नेपतीचा फळ. भाजी आंबट तिखट होती. मी दोनदा घेतली. आपला सोलापूरकडचा माळढोक पक्षीसुद्धा तिथे आहे, त्याला गोडावण म्हणतात. तो फार थोडा उरला आहे. त्याला समोरचे नीट दिसत नाही म्हणून विजेच्या तारांवर आपटून मरतो, आणि तिथे पवनचक्क्यांच्या तारा पुष्कळ आहेत. समला २०१९ पासून त्याची पिल्ले माणसे वाढवतात. आम्हाला मात्र एकही दिसला नाही.

आता हिशेब. तिकडे घराच्या अंगणात टाका असतो, म्हणजे जमिनीतली झाकलेली टाकी. तिच्याभोवतीची उतरती जागा पावसाआधी झाडून स्वच्छ करतात. तिथे कुणी चप्पल घालून जात नाही. त्या जागेला आगोर म्हणतात. सगळे पाणी आगोरावरून टाक्यात जाते. मी वर्गात हे सांगितले तेव्हा गुरुजींनी फळ्यावर मांडले: १ चौरस मीटर जागेवर १ सेंटिमीटर पाऊस पडला तर १० लिटर पाणी होते. मग आम्ही चौथीच्या मुलांनी टेप धरून शाळेचा पत्रा मोजला. खालून मोजला, वर चढलो नाही. लांबी १२ मीटर, रुंदी ६ मीटर, म्हणजे ७२ चौरस मीटर.

आपल्याकडे पाऊस जैसलमेरएवढाच, अगदी १५ सेंटिमीटरच पडला असे धरले, तरी ७२ गुणिले १५० म्हणजे १०,८०० लिटर होतात. थोडे उडून जाईल, थोडे सांडेल. तरी जवळजवळ एक टँकर. आपल्या शाळेत आम्ही ४५ मुले आहोत. प्रत्येकाला रोज १ लिटर प्यायला धरले तर ते पाणी २४० दिवस पुरते. एवढे दिवस तर शाळा भरतही नाही. आणि आपला पाऊस दुपटीहून जास्त आहे.

पत्र्याला पन्हळ एकाच बाजूला आहे. तीही मधे तुटलेली आहे आणि तिचे पाणी झेंड्याच्या कट्ट्यामागून ओढ्याला जाते. मी हा सगळा हिशेब वहीत उतरवून आज्जीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग विचारले, "पन्हळ किती फूट लागंल?" आम्ही परवा पुन्हा टेप घेऊन मोजणार आहोत.