हवेचे हिसके व नळांचें थरथरणें

बाजाची पेटी आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. वाजविणारा भाता राहून राहून दाबतो. तरी सूर तुटक न निघतां अखंड निघतो. याचें कारण पेटीच्या पोटांतील दुसरा भाता होय. बाहेरच्या भात्याची हवा प्रथम त्यांत सांठते व स्प्रिंगच्या दाबानें पितळी पात्यांकडे एकसारखी जाते. ही गोष्ट ध्यानीं धरल्यास कारखान्यांतील एका अवघड प्रश्नाचें मर्म सहज कळेल.

हवा अथवा दुसरा वायु दाबणाऱ्या यंत्रास कॉम्प्रेसर म्हणतात. ज्यांत दट्ट्या मागेंपुढें सरतो, अशा कॉम्प्रेसरांतून हवा संथपणें वाहत नाहीं, हिसक्यांनीं बाहेर पडते. चाक मिनिटास ६०० फेरे करीत असेल व दट्ट्या दोन्ही अंगांनीं हवा लोटीत असेल, तर सेकंदास २० हिसके नळांत शिरतात. प्रत्येक हिसक्यासरशी दाब चढतो व उतरतो, आणि ही लाट ध्वनीच्या वेगानें नळांतून धांवते. जेथें नळ वळतो अथवा त्याची रुंदी बदलते, तेथें ती नळास ढकलते.

झोपाळ्यास नेमक्या वेळीं दिलेले लहान धक्केही त्यास उंच नेतात, हें मुलांस ठाऊक आहेच. नळांतील हवेचेंही तसेंच आहे. साध्या हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणून २० हिसक्यांच्या लाटेची लांबी १७ मीटर झाली. एक तोंड बंद व दुसरें मोठ्या टाकींत उघडणारा नळ या लांबीच्या चतुर्थांशाइतका, म्हणजे सुमारें सव्वाचार मीटर, असेल, तर दाबाची चढउतार फारच वाढते. नळ थरथरूं लागतो. त्यास जोडलेल्या बारीक नळ्या सांध्यांशीं हळूहळू तडकतात. आणि आंत ज्वालाग्राही वायु असला, तर केसाएवढ्या भेगेंतूनही मोठा अनर्थ ओढवतो.

मग उपाय कोणता? नळ घट्ट आवळला म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु कांपणाऱ्या मुलाचे हात धरल्यानें हिंवताप उतरत नाहीं. पहिला उपाय उगमापाशींच केला पाहिजे. कॉम्प्रेसरच्या अगदीं जवळ एक मोठें पात्र बसवितात. तोच पेटीचा आंतला भाता समजावा. येथें स्प्रिंगचें काम हवेच्या स्वतःच्या लवचिकपणानें होतें. अशीं दोन पात्रें अरुंद नळीनें जोडल्यास हिसके अधिकच शमतात. नळांत योग्य जागीं भोंकाची चकती घातल्यानेंही लाटेचा जोर मोडतो. मात्र तिच्यापायीं थोडी शक्ति वायां जाते. यानंतर नळ भक्कम आधारांवर, विशेषतः वळणांजवळ, जखडावा. नळाचें स्वाभाविक कंपन हिसक्यांच्या संख्येपासून निदान शेंकडा २० नें दूर ठेवावें, असा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ६१८ क्रमांकाच्या नियमावलीचा दंडक आहे. हीं गणितें नळ घालण्यापूर्वींच करणें शहाणपणाचें. आज तीं संगणकावर करितात.

विद्यार्थ्यांनीं ३०० फेऱ्यांच्या कॉम्प्रेसरकरितां नळाची घातक लांबी स्वतः काढून पाहावी, अशी आमची सूचना आहे. कारणाचा ठाव लागल्यावांचून केलेला इलाज टिकत नाहीं, हें त्यांच्या सहज ध्यानांत येईल.