पोपट पिवळा पडतो तेव्हा

पोपट म्हटला की तो हिरवा, हे आपण बालवाडीपासून शिकत आलो. 'पोपटी' हा रंगच आपण त्याच्या नावाने ओळखतो. म्हणून घरातला हिरवा पोपट एके दिवशी पिवळा दिसू लागला तर माणूस गोंधळतो. आमच्या घरी हे घडले. त्यानिमित्ताने मी जे वाचले, विचारले आणि पाहिले ते येथे मांडत आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, शास्त्राचा नाही. तेव्हा हा लेख एका जिज्ञासूने दुसऱ्या जिज्ञासूंसाठी लिहिला आहे, असे समजावे.

२०१८ च्या उन्हाळ्यात माडाच्या ढोलीतून पडलेले पोपटाचे एक पिल्लू आजीला कोणीतरी आणून दिले. आजीने त्याचे नाव 'राणी' ठेवले. २०२० च्या दिवाळीच्या सुमारास राणीच्या गळ्याभोवती काळी रेघ उमटली आणि मागे गुलाबी कंठ फुटला. तेव्हा कळले की आमची राणी हा राजा आहे! या जातीत कंठ फक्त नराला येतो आणि तोही साधारण तिसऱ्या वर्षी. तोवर नर-मादी सारखेच दिसतात. म्हणजे रंग बदलणे हे नेहमीच आजाराचे लक्षण नसते, काही वेळा ते वयात येण्याचे लक्षण असते. आजीने मात्र नाव बदलले नाही.

खरा प्रश्न आला २०२३ मध्ये. राणीच्या पाठीवर आणि पंखांवर अधूनमधून पिवळी पिसे दिसू लागली. आजी कौतुकाने म्हणाली, "बघ रे, राणीला हळद लागली." शेजारच्या कन्नड काकूंनीही 'हळदी' असेच म्हटले, कारण कन्नडमध्ये पिवळ्या रंगाला हळदीच म्हणतात. कोणी तो शुभशकुन ठरवला. एक ओळखीचा गृहस्थ तर, पिवळ्या पोपटाला फार किंमत येते, मला द्या, म्हणून दोनदा घरी येऊन गेला. पक्षी मात्र पूर्वीसारखा शीळ घालत नव्हता. तो दिवसभर पिसे फुलवून बसे. शकुन आणि किंमत यांच्या बोलण्यात ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पोपट हिरवा का असतो? झाडाच्या पानात हिरवे द्रव्य असते, तसे पोपटाच्या पिसात नसते. त्याचा हिरवा रंग दोन रंग मिळून होतो, पिवळा आणि निळा. पिवळा रंग हे खरे रंगद्रव्य आहे. त्याला 'सिटाकोफल्विन' म्हणतात. पिवळ्यापासून लालपर्यंतच्या छटा देणारी ही द्रव्ये फक्त पोपटांच्या कुळात सापडतात. रोहित पक्ष्याला गुलाबी रंग त्याच्या अन्नातून मिळतो. पोपट मात्र आपले पिवळे-तांबडे द्रव्य स्वतःच्या शरीरात तयार करतो. म्हणून मिरची खाऊन पोपटाची चोच लाल होते, ही समजूत खरी नाही. (मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना आपल्यासारखा जाणवतही नाही, म्हणून तो ती इतक्या आवडीने खातो.)

निळ्या रंगाची गोष्ट याहून वेगळी आहे. पिसात निळे द्रव्य मुळीच नसते. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये स्पंजासारखी अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशातला निळा भाग परत फेकला जातो. उरलेला प्रकाश खालच्या काळ्या द्रव्यात, म्हणजे मेलॅनिनमध्ये, शोषला जातो. मागे काळा पडदा असल्यामुळेच पुढचा निळा रंग खुलून दिसतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली बंगळूरला असताना पक्ष्यांच्या पिसांतील रंगांवर निबंध लिहिला होता. त्यात त्यांनी नीलपंखाच्या पिसांचा अभ्यास केला. हा पक्षी आपल्या कर्नाटकाचा राज्यपक्षी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

याची साधी परीक्षा घरी करता येते. राणीचे गळून पडलेले शेपटीचे निळसर पीस मी खिडकीपाशी उजेडासमोर धरले. निळा रंग नाहीसा होऊन पीस मळकट तपकिरी दिसले. पीस खाली धरून वरून पाहिले की पुन्हा निळे! खरे रंगद्रव्य असते तर ते दोन्हीकडून तसेच दिसले असते.

आता जमाखर्चाच्या वहीप्रमाणे मांडणी करू. पिवळे द्रव्य आणि काळे द्रव्य दोन्ही जमेला असतील, तर पोपट हिरवा. पिवळे नाही, काळे आहे, तर पोपट निळा. काळे नाही, पिवळे आहे, तर मागचा पडदाच गेल्यामुळे निळा दिसत नाही आणि पोपट पिवळा. दोन्ही नाहीत, तर पांढरा. एवढ्या चार नोंदींत बाजारात दिसणाऱ्या रंगीत पोपटांचा बराचसा हिशेब लागतो. ऑस्ट्रेलियातून आलेल्या बजरीगर या छोट्या पोपटांत निळा रंग का येतो, याचा छडा २०१७ साली लागला. पिवळे द्रव्य बनवणाऱ्या एका जनुकातील एका छोट्या बदलाने ते बनणे थांबते आणि पक्षी निळा होतो. पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पोपटाचे द्रव्य पिवळे राहील की लाल होईल हे ठरवणारा एक घटकही सापडला.

मग राणी पिवळी का पडली? जन्मतः पिवळे असणारे पोपट सगळ्या अंगाने पिवळे असतात आणि त्यांचे डोळे लाल असतात. राणी तर पाच वर्षे हिरवी होती, डोळेही बदलले नव्हते आणि पिवळेपणा ठिकठिकाणीच होता. म्हणजे ही जन्माची देणगी नव्हे. काळ्या द्रव्याच्या खात्यात मध्येच तूट आली होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असते. हिरवे पीस जागच्या जागी पिवळे होत नाही. जुने पीस झडते आणि त्या जागी नवे पिवळे उगवते. म्हणून पिवळे पीस आजची बातमी देत नाही. ते उगवत होते त्या वेळी शरीराची स्थिती काय होती, हे ते सांगते.

आजीची समजूत घालून बाबांनी आणि मी राणीला पशुवैद्यांकडे नेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "खायला काय घालता?" आम्ही सांगितले: भिजवलेली हरभऱ्याची डाळ, सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, आणि सकाळी चहात बुडवलेली चपाती. डॉक्टर म्हणाले, "यातच उत्तर आहे."

त्यांनी समजावले ते असे. मेलॅनिन हे टायरोसिन नावाच्या प्रथिनघटकापासून बनते. आहार निकस असेल किंवा यकृत बिघडले असेल तर त्याचे काम अडते. सूर्यफुलाच्या बियांत चरबी फार, पण 'अ' जीवनसत्त्व आणि चुना फार कमी. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते. दुसरे म्हणजे शेंगदाणे. आमच्या भागात शेंगा घरोघर पोत्याने असतात आणि खवट झालेले दाणे पक्ष्याला घालण्याची सवय असते. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असते आणि ते थेट यकृतावर घाव घालते. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडले. माणसाला नको झालेला दाणा पक्ष्याला चालतो, हा आपला हिशेब किती चुकीचा आहे, हे मला तेव्हा कळले.

पिसे बिघडण्याची दुसरीही कारणे असतात. पोपटांना होणाऱ्या एका विषाणूच्या रोगात पिसे वेडीवाकडी येतात, झडतात आणि चोचही बिघडते. पिसाच्या मुळाला इजा झाली तरी तेथे वेगळ्या रंगाचे पीस उगवू शकते. म्हणून नुसत्या रंगावरून घरच्या घरी निदान करू नये, तपासून घ्यावे.

डॉक्टरांनी बिया आणि चहा बंद केला. पालेभाजी, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मोड आलेली कडधान्ये आणि पेरू सुरू केला. बटरफ्रूट मात्र पोपटाला विषारी आहे, ते चुकूनही देऊ नये, असे बजावले. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "आणि हे लक्षात ठेवा, हा पक्षी घरात ठेवणे हाच गुन्हा आहे."

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्या रानातले पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात पाळणे यांना मनाई आहे. आम्हाला हे खरोखर माहीत नव्हते. पण माहीत नव्हते म्हणून कायद्यातून सुटका होत नाही, हे व्यापारी कायद्याच्या पहिल्याच धड्यात मी शिकलो होतो.

२०२४ मध्ये राणीची पिसे झडली आणि नवी आली. बहुतेक हिरवी होती, दोन-चार पिवळीच राहिली. ती पुन्हा शीळ घालू लागली. त्यानंतर बाबांनी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन सगळे सांगितले आणि राणीला त्यांच्या स्वाधीन केले. सहा वर्षे पिंजऱ्यात वाढलेला पक्षी लगेच रानात सोडता येत नाही, त्याला आधी उडायला आणि खायला शिकावे लागते, असे त्यांनी सांगितले. आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी तिला माझ्या हातानं खवट दाणे घातले रे." यावर काय बोलावे, हे मला सुचले नाही.

वाचकहो, कोणाच्या घरी पोपट पिवळा पडला असेल तर त्याची किंमत विचारू नका, आधी त्याचे खाणे पाहा आणि पशुवैद्य गाठा. ढोलीतून पडलेले पिल्लू सापडले तर शक्य असल्यास परत ढोलीत ठेवा, नाहीतर वनखात्याला कळवा. आणि पिंजऱ्यातला देशी पोपट कोणी विकत असेल तर तो घेऊ नका, मग तो हिरवा असो वा पिवळा. आम्ही त्याला माया म्हणत होतो, पण त्या पिवळ्या पिसांनी आमची चूकच दाखवून दिली. ती वाचायला आम्हाला उशीर झाला. तुम्हाला होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.