भूछत्राचे वर्णन कसे लिहावे?



मृग-आर्द्रा बरसून गेल्या की धुऱ्यावर, वारुळापाशी, गोठ्यामागे आणि खोडव्यातल्या पाचटावर छत्र्या उगवू लागतात. कोणी त्यांना सात्या म्हणतो, कोणी अळंबी, कोणी भूछत्र. आणि पोरं तर सरसकट 'कुत्र्याची छत्री' म्हणून लाथ मारून मोकळी होतात. एका वस्तूला चार नावे आणि चार वस्तूंना एक नाव, असा हा घोळ आहे. तो नुसता शब्दांचा असता तर आम्ही या पानाची जागा अडवली नसती. पण कधी कधी तो थेट ताटापर्यंत जातो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही एका सभासदाच्या घरी गेलो, तेव्हा टोपलीभर पांढऱ्या छत्र्या निवडणे चालले होते. म्हातारी म्हणाली, "सात्याच हायेत, लहानपणापासून खातो आम्ही." सून हळूच म्हणाली, "पण आत्याबाई, या वारुळावरच्या नाहीत. गोठ्यामागच्या गवतातल्या आहेत." आम्ही भाजी थांबवायला सांगितली आणि एक टोपी पांढऱ्या कागदावर ठेवून वर पातेले झाकले. सकाळी कागदावर हिरवट भुकटी पडलेली होती. टोपली खड्ड्यात पुरली. सुनेने जागा नीट सांगितली म्हणून घर वाचले. म्हणून म्हणतो, नावाआधी वर्णन शिकावे.

ही विद्या आपल्याला अगदी नवी नाही. उसाच्या शेंड्यातून काणीचा काळा चाबूक निघतो, तो आपण लांबून ओळखतो. त्यावरची काळी भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. लाल कुजेची शंका आली की आपण ऊस उभा चिरतो, लाल भागातले पांढरे आडवे पट्टे पाहतो, आंबूस वास घेतो. रंग, वास, छेद आणि जागा, याच चार गोष्टी येथेही लागतात. भूछत्र हेही बुरशीचेच. तिचे खरे अंग म्हणजे मातीत किंवा पाचटात पसरलेले पांढरे धागे. छत्री हे तिचे फळ.

आता एकेक अवयव पाहू.

१. टोपी : आकार घंटेसारखा, घुमटासारखा की सपाट? मध्यावर टोक आहे का? पृष्ठ गुळगुळीत, चिकट की खवलेदार? माप सेंटिमीटरमध्ये लिहावे. 'बशीएवढी' म्हटले तर कोणाच्या घरची बशी?

२. कल्ले : टोपीखाली वहीच्या पानांसारखे पातळ पडदे असतात. ते माशाच्या कल्ल्यांसारखे दिसतात म्हणून हे नाव. ते देठाला चिकटलेले आहेत, देठावर खाली उतरलेले आहेत, की देठापासून सुटे आहेत? कोवळेपणी रंग कोणता, जून झाल्यावर कोणता?

३. देठ : भरीव की पोकळ? त्यावर बांगडीसारखे कडे आहे का? ते सरकते की पक्के?

४. बूड : छत्री उपटू नये, खुरप्याने खोल खणून काढावी. बुडाशी फाटक्या पिशवीसारखे वेष्टन आहे का, की देठ मुळासारखा खोल गेला आहे, ते पाहावे. वरून मोडून आणलेल्या छत्रीची निम्मी ओळख रानातच राहते.

५. ठसा : देठ कापून टोपी, कल्ले खाली करून, अर्ध्या काळ्या व अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवावी. बीजाणूंचा रंग उमटतो. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून कल्ल्यांच्या छत्र्यांची वर्गवारी केली, तीत या रंगाला मोठे स्थान दिले. आजही हा ठसा घेतला जातो.

६. जागा : वारूळ, गवत, शेणखत, लाकूड की झाडाची मुळी? तारीख आणि वासही टिपावा.

आता या शब्दांनी तीन छत्र्या मांडून पाहू.

खरी सात्या : वारुळाच्या जागी उगवते. टोपीच्या मध्यावर टोक, कल्ले पांढरे, ठसा फिकट गुलाबी. देठ मुळासारखा खोल जाऊन उधईच्या घरट्याला भिडतो. आपले बेणे खाणारी उधई वेगळी असेल, पण सात्याची उधई ही बुरशी घरट्यात पाळते आणि तिच्यावर जगते.

हिरव्या ठशाची छत्री : गवतात उगवते. टोपी पांढरी, तिच्यावर तपकिरी खवले, देठावर सरकते कडे. कल्ले आधी पांढरे, मग हिरवट. कोवळेपणी फसवते. खाल्ल्यावर काही तासांतच जोराच्या उलट्या व जुलाब होतात.

अमानिता वंशातील जहरी जाती : बहुधा झाडांच्या मुळांशी उगवतात. कल्ले पांढरे, ठसा पांढरा, देठावर कडे, बुडाशी पिशवी. सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक काळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्येच बरे वाटते आणि पुढे यकृत निकामी होते. हे विष शिजवूनही जात नाही.

एका खुणेवर निकाल देऊ नये. भाताच्या पेंढ्यावर वाढवतात त्या खाद्य छत्रीलाही बुडाशी पिशवी असते. पण तिला कडे नसते आणि ठसा गुलाबी असतो. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलते, किड्याने खाल्ली ती चांगली, या साऱ्या समजुती खोट्या आहेत.

वर्णन शिकले म्हणजे खाण्याचा परवाना मिळाला, असेही नव्हे. सगळ्या खुणा जुळल्या तरी जाणत्याला दाखवल्याशिवाय रानची छत्री चुलीवर चढवू नये. कोणी खाऊन आजारी पडलाच तर उतारे करीत बसू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा आणि उरलेली छत्री, शिजवलेली असली तरी, सोबत न्यावी.

येत्या पावसाळ्यात मुलांना एक वही करून द्यावी. आपल्या धुऱ्यावरच्या पाच छत्र्या खणून काढाव्यात, वरचे सहा मुद्दे लिहावेत, ठसा चिकटवावा आणि हात धुवावेत. नावाची ओळ कोरी राहिली तरी चालेल. वर्णन पूर्ण असले की कृषी विद्यापीठातील जाणकाराला नाव शोधणे सोपे जाते. अर्धवट वर्णनावरून तोही हात टेकतो.