हलका स्वार आणि गाडीची स्प्रिंग

स्प्रिंग ही तीवरील भाराच्या प्रमाणांत दबते, हा रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण शास्त्राच्या तासास शिकतों. पुणें व नाशिक येथें मातीच्या मार्गावर मोटारसायकलींच्या शर्यती होतात. तसल्या लहान मुलांच्या गाडीस हा नियम लावून पाहूं.

चाळीस किलोंच्या मुलासाठीं केलेली स्प्रिंग पंचवीस किलोंच्या मुलाखालीं पुरेशी दबत नाहीं. मग चाक खळग्यांत न उतरतां उडतें, पकड सुटते व मूल पडतें.

परीक्षा अशी: मागचें चाक अधांतरीं धरून आंसापासून मडगार्डावरील खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. नंतर मुलास शिरस्त्राणासह पूर्ण पोशाखांत बसवून तेंच अंतर पुन्हां मोजावें. हा फरक चाकाच्या एकंदर चढउताराच्या सुमारें एकतृतीयांश असावा. चढउतार २४० मिलिमीटर असल्यास फरक ८०. तो कमी भरल्यास स्प्रिंगवरील नट सैल करावा.

परंतु नटानें आरंभींचा दाब बदलतो, कडकपणा नव्हे. नट सैल केल्यावर स्वाराविना उभी गाडीच फार दबूं लागली, तर मऊ स्प्रिंग बसवावी. तिच्याबरोबर शॉक-ॲब्सॉर्बरमधील तेलाचा विरोधही कमी करावा. नाहींतर दबलेलें चाक वेळेवर खालीं येत नाहीं.

पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, वाढत्या अंगाचा सदरा सैल शिवतां येतो. स्प्रिंग मात्र आजच्याच वजनाची हवी. आणि ही गाडी बंदिस्त मैदानासाठींच आहे. वसई-विरारच्या रहदारींत ती कदापि नेऊं नये.