घरच्या छोट्या संगणकाची गती

दूरचित्रवाणीला जोडलेला ‘रास्पबेरी पाय’ हा चिमुकला संगणक चित्रपट दाखवताना अडखळू लागला, की लोक तो टाकून नवा घेऊ पाहतात. उपाशी मुलाला ‘ढ’ म्हणण्यासारखेच हे! २०१९ साली निघालेल्या ‘पाय ४’ला ५.१ व्होल्ट, ३ अँपियरचा पुरवठा लागतो. मोबाइलचा जुना चार्जर अपुरा पडतो. पडद्यावर पिवळ्या विजेची खूण उमटली, की वीज कमी पडते असे समजावे.

८० अंश सेल्सियसजवळ तो आपण होऊन मंदावतो. तेव्हा सुर्ल्याच्या मे महिन्यात त्यास कपाटात कोंडू नये.

एवढे करूनही अडखळला तर चित्रपटाची नोंदणी पाहावी. ‘एच.२६४’मधील ‘४के’ चित्रपट त्यास झेपत नाही, ‘एच.२६५’मधील झेपतो, कारण तो उलगडणारी खास जोडणी त्याच्या चिपमध्येच आहे.