प्राणवायू, तांबड्या पेशी आणि आपली मुले

आमच्या वसतिगृहात फार वर्षांपूर्वी, पौषातील एका पहाटे, सहावीतला एक विद्यार्थी अंथरुणातून उठेना. हातपाय दुखतात, एवढेच तो सांगे. आदल्या सायंकाळी तो कबड्डी खेळला होता. म्हणून आम्ही ते कामचुकारपण समजलो आणि इतरांबरोबर त्यालाही हौदावरच्या गार पाण्याने आंघोळ करावयास लावली. दुपारी त्याला रुग्णालयात न्यावे लागले. रक्ततपासणीत ‘एसएस’ असे निदान झाले. मुलगा बरा होऊन परतला. आमची टोचणी मात्र गेली नाही. या स्मरणिकेत सिकलसेलविषयी लिहावयाचे ठरविले, ते त्याच कारणाने.

आरंभ निरोगी रक्तापासून करू. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. त्यांचा कारखाना अस्थिमज्जेत आहे. परंतु किती माल काढावयाचा, याचा हुकूम मूत्रपिंडातून सुटतो. मूत्रपिंडातील काही पेशी रक्तातील प्राणवायूवर सतत नजर ठेवून असतात. प्राणवायू पुरेसा असला, की त्यांच्यातील एक विशिष्ट प्रथिन तयार होताच मोडून टाकले जाते. प्राणवायू घटला, की ते मोडले जात नाही, साचते आणि एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक निर्माण करविते. हे संप्रेरक मज्जेत पोहोचले म्हणजे एरवी मरून गेल्या असत्या अशा कोवळ्या पेशी जगतात, वाढतात, हिमोग्लोबिनने भरतात, शेवटी आपले केंद्रक बाहेर टाकून रक्तात उतरतात आणि सुमारे 120 दिवस काम करतात. पेशींना प्राणवायूची चाहूल कशी लागते, हे उलगडणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तीन शास्त्रज्ञांना 2019 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लडाखच्या उंचीवर राहणाऱ्या जवानाचे रक्त काही आठवड्यांत दाट होते, ते याच यंत्रणेमुळे.

सिकलसेलग्रस्त मुलाच्या शरीरात हुकूमही सुटतो आणि कारखानाही रात्रंदिवस चालतो. दोष मालात असतो. तेथील तांबडी पेशी 120 दिवसांऐवजी दहा ते वीस दिवसच टिकते. मज्जा कितीही राबली तरी तूट भरून येत नाही. डोळे पिवळसर दिसतात, ते फुटलेल्या पेशींमुळे. पुष्कळ घरांत अशा मुलाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाचे टॉनिक पाजले जाते. पण येथे उणीव सहसा लोहाची नसते; फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते. मज्जेच्या वाढलेल्या कामाला फॉलिक ॲसिड लागते, म्हणून डॉक्टर ती गोळी देतात. लोह तपासणीशिवाय देऊ नये.

दोष कोणता, याचा इतिहास आपल्याला विशेष वाटेल असा आहे. नागपुरात दीक्षाभूमीवर धम्मक्रांती घडली त्याच ऑक्टोबर 1956 मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी इंग्लंडमध्ये दाखवून दिले, की निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनमधील फरक प्रथिनाच्या एका लहानशा तुकड्यात आहे. पुढील वर्षी तो फरक एका अमिनो आम्लापुरता निघाला. 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. म्हणजे विदर्भाच्या रक्तातील ही गोष्ट शास्त्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

त्या एका बदलामुळे काय घडते? प्राणवायू सोबत असेपर्यंत सिकल हिमोग्लोबिन नीट वागते. प्राणवायू सोडला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. मात्र दोऱ्या बनावयास थोडा अवधी लागतो. तेवढ्यात पेशी फुप्फुसात परतली, तर संकट टळते. थंडीने रक्तवाहिन्या आक्रसल्या, पाणी कमी पडून पेशीतील हिमोग्लोबिन दाट झाले, ताप आला किंवा मूल धावून थकले, की हा अवधी पुरत नाही. वाकलेल्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, आणि तेथे आणखी पेशी वाकतात. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आदल्या दिवशीचा खेळ, रात्रीची थंडी आणि वर आमचे गार पाणी असे सारे जुळून आले होते.

बाळ सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत होते, मग दृष्ट लागली, असे आजीबाई सांगतात. त्यांचे निरीक्षण खरे आहे, कारण वेगळे आहे. गर्भात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेथे तो अधिक घट्ट धरणारे गर्भ-हिमोग्लोबिन असते. ते सिकलच्या दोऱ्या बनू देत नाही. जन्मानंतर त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेऊ लागते आणि हातापायांची सूज, वेदना सुरू होतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यावयाचे असते. बरे वाटते म्हणून मध्येच सोडावयाचे नसते.

‘एएस’ म्हणजे वाहक. तो रुग्ण नव्हे. त्याला खेळातून वगळण्याचे कारण नाही. हा अमुक जातीचा रोग, असे जे कुजबुजले जाते तेही अज्ञान आहे. जेथे हिवतापाचा वावर होता तेथे वाहक मुले त्या तापातून अधिक वाचली, म्हणून हा गुण आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला आणि आपल्याकडे गोंड, माडिया, कुणबी, तेली, पूर्वाश्रमीचे महार अशा अनेक समाजांत टिकला. नागपूरचे संपत रामटेके यांना या प्रश्नावरील कार्यासाठी 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. तरीही प्रवेशाच्या वेळी काही पालक मुलाचे निदान आमच्यापासून लपवितात. मुलाला वसतिगृहातून काढून टाकतील, ही त्यांची भीती आम्हांला समजते. पण न सांगितल्यास पहाटेच्या घंटेला आमच्याकडून पुन्हा तीच चूक होईल.

आता प्रवेश अर्जात एए, एएस, एसएस असा रकाना आहे. एसएस असलेल्या मुलांना आंघोळीला ऊन पाणी, वर्गात पाण्याची बाटली आणि लघवीला जाण्याची मुभा आहे. अशा मुलाला ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावयाचे, असे अधीक्षकांना सांगून ठेवले आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आता विवाहयोग्य झाले आहेत. आई-वडील दोघेही एएस असले, तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारांत एक असते; पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. वधू-वर परिचय मेळाव्याच्या पत्रिकेत शिक्षण, नोकरी, उंची हे सारे छापले जाते. त्याखाली या दोन अक्षरांना जागा करावी, अशी आमची मेळाव्याच्या आयोजकांना विनंती आहे.