लोणारला आदळलेला दगड गेला कुठे?

प्रश्न : मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात हायजिया नावाचा मोठा, कार्बनयुक्त लघुग्रह आहे. लोणारचं विवरही अशाच लघुग्रहामुळे झालं, असं वाचलं. मग एवढा दगड सरोवराच्या तळाशी का सापडत नाही? आमच्या शेतात नांगरताना काळे, भोकं पडलेले दगड निघतात, ते त्याचेच तुकडे का?
– एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशीम

उत्तर : आधी हायजियाला या भानगडीतून मोकळं करू. नेपल्सच्या आन्नीबाले दे गास्पारिस यांनी तो १८४९ साली शोधला. त्याचा व्यास सुमारे ४३० किलोमीटर, म्हणजे तुमच्या रिसोडहून मुंबईपर्यंत सरळ रेघ ओढली तर जवळपास तेवढा. असला गोळा आदळला असता, तर लोणार बघायला कुणी उरलंच नसतं. तो सूर्यापासून पृथ्वीच्या तिपटीहून थोड्या जास्त अंतरावर, साडेपाच वर्षांत एक फेरी मारत असतो. आपल्या वाटेत तो येत नाही.

लोणारला आला तो बहुधा याच काळ्या, कार्बनयुक्त कुळातला, पण अगदीच किरकोळ दगड. विवराचा व्यास १.८ किलोमीटर आहे, आणि आदळणारी वस्तू साधारणपणे विवरापेक्षा दहा-वीस पटींनी लहान असते. हायजियाचाच तो कपचा, असं म्हणायला मात्र आधार नाही.

पट्ट्यातला दगड इथवर येतो कसा? लघुग्रह एकमेकांवर आदळले की कपचे उडतात. उन्हाने तापलेला कपचा ती उष्णता परत बाहेर टाकतो, तेव्हा त्याला अतिशय हलका रेटा बसतो आणि लाखो वर्षांत त्याची कक्षा सरकते. सरकता सरकता तो अशा जागी पोचला, की जिथे गुरूची ओढ ठरावीक फेऱ्यांनी पुन्हापुन्हा लागते, तर कक्षा लांबुळकी होत जाते आणि कधीतरी पृथ्वीची वाट कापते.

‘कार्बनयुक्त’ म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो. वाढवून सांगणारे तर हिऱ्यांपर्यंत जातात! प्रत्यक्षात या जातीच्या अशनीत, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडात, कार्बन वजनाने दोनेक टक्केच. बाकी सगळी खनिजं, त्यातली बरीचशी चिकणमातीसारखी, पाणी धरून ठेवलेली. म्हणून तो ठिसूळ. जून २०१७ मध्ये जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात शेतात असाच अशनी पडला, तो पडताक्षणी फुटला.

आता मुख्य शंका. सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगाने आलेला दगड रुतून बसत नाही. वेगाची सगळी ताकद क्षणात उष्णता आणि धक्का होऊन बाहेर पडते. खालचा बेसाल्ट फुटतो, काही वितळतो, आणि दगडाची बहुतेक वाफ होते. म्हणजे तळ कितीही उपसला तरी तो सापडायचा नाही. तो वितळून थिजलेल्या खडकात मिसळून गेलाय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी या खडकांतलं क्रोमियम तपासलं. क्रोमियमच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं प्रमाण अशनींच्या जातीगणिक बदलतं, आणि बेसाल्टपेक्षा अशनीत क्रोमियम जास्तही असतं, त्यामुळे थोडीशी भेसळही पकडता येते. काही नमुन्यांत पाहुण्याचा अंश निघाला जास्तीत जास्त ३ टक्के, आणि जात निघाली बहुधा कार्बनयुक्त! मला तरी ही हुडकून काढायची तऱ्हा विवराइतकीच अचंब्याची वाटते. जाता जाता, लोणारचं वय ५० हजार वर्षं असं अजून सर्रास छापलं जातं. आर्गॉन पद्धतीने ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास येतं.

राहिले शेतातले दगड. भोकांवरूनच ओळखा : लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे, आणि कुठे आत पांढरे चकचकीत स्फटिक दिसले तर तो शंभर टक्के आपला दख्खनचा बेसाल्ट. चुंबक चिकटला म्हणून हुरळून जाऊ नका, बेसाल्टमधल्या लोहखनिजालाही तो चिकटतो. अशनीवर सहसा भोकं नसतात. ताज्या अशनीवर हवेत जळून आलेली पातळ काळी साल असते आणि फोडल्यावर आतला रंग बहुधा वेगळा दिसतो. तसा एखादा खरोखरच मिळाला, तर घरी फोडत बसू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपूरला आहे, तिथे दाखवा.